शेकडो पवनचक्क्या गुपचूप खाली सरकल्या, त्याची गोष्ट

जुलै 2024 मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सजवळच्या समुद्रात, व्हाइनयार्ड विंड नावाच्या प्रकल्पात एका पवनचक्कीचं पातं तुटलं. 107 मीटर लांब पातं. त्याचे फोमचे आणि फायबरचे तुकडे वाहत वाहत नँटकेट बेटाच्या किनाऱ्याला लागले, पोहायला बंदी घालावी लागली, व्हिडिओ सगळीकडे फिरले. पुढे कंपनीने जे कारण सांगितलं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं: कारखान्यात पात्याचे भाग चिकटवताना कसर राहून गेली होती. म्हणजे पात्याचं मटेरियल कच्चं नव्हतं, जोड कच्चा होता.

पण याच्याही साधारण 15 वर्षं आधी युरोपच्या समुद्रात एक प्रकार घडला, त्याचे व्हिडिओ वगैरे काही नाहीत, कारण त्यात बघण्यासारखं काहीच नव्हतं. शेकडो पवनचक्क्या उभ्याच होत्या, फिरत होत्या, वीज देत होत्या, आणि हळूहळू, मिलिमीटर मिलिमीटर करत, आपल्याच पायावरून खाली सरकत होत्या. कुठे काही मिलिमीटर, कुठे काही सेंटीमीटर. बोटीतून बघणाऱ्याला काही कळलंही नसतं. हा घोळ एका जोडात झाला होता आणि आज समुद्रातली चक्की कशी जोडायची याबद्दल इंजिनियर लोक जे काही बोलतात त्यातलं बरंचसं त्या धड्यातूनच आलेलं आहे, म्हणून तो जोड नीट समजून घेऊ.

## चक्की समुद्रात उभी कशी राहते

पाणी फार खोल नसेल तर सगळ्यात जास्त वापरला जाणारा पाया म्हणजे मोनोपाइल. नाव भारी आहे, वस्तू अगदी साधी: जाड पोलादी पत्रा गोल वाकवून केलेला एकच एक प्रचंड पाइप. तो समुद्रतळावर उभा धरायचा आणि वरून हायड्रॉलिक हातोड्याने ठोकत ठोकत जमिनीत घालायचा, भिंतीत खिळा ठोकतात तसा. जुन्या प्रकल्पांत या पाइपचा व्यास चारेक मीटर असायचा, आता 10 मीटरच्या आसपास जातो. त्यातून एसटी आरामात जाईल, दोन शेजारी शेजारीसुद्धा जातील.

आता या पाइपवर चक्कीचा टॉवर बसवायचा. दोन अडचणी येतात. एक, ठोकलेला पाइप कधीच अगदी सरळ उभा राहत नाही, अर्धा अंश इकडे तिकडे होतोच. अर्धा अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण 100 मीटर उंचीवर त्याचा जवळजवळ 90 सेंटीमीटरचा झुकाव होतो. दुसरी, ज्या टोकावर हजारो हातोडे बसलेत त्याच टोकावर शिडी, बोट लावायची जागा, केबलच्या नळ्या असलं काही आधीपासून लावून ठेवता येत नाही, सगळं झडून जाईल.

म्हणून मध्ये एक तुकडा घालतात, ट्रान्झिशन पीस. साइटवर सगळे त्याला टीपी म्हणतात (टाइमपास नव्हे). टीपी म्हणजे थोडा मोठ्या व्यासाचा दुसरा पाइप, जो मोनोपाइलच्या डोक्यावर बाहीसारखा चढवतात. शिडी, प्लॅटफॉर्म, पिवळा रंग, सगळं या टीपीवर असतं. समुद्रातल्या चक्कीच्या फोटोत पाण्यालगत जो पिवळा भाग दिसतो ना, तोच हा. त्याच्या वरच्या कडेला टॉवर बोल्टने बसतो.

## दोन पाइपांमध्ये काय भरलं

बाही हातापेक्षा सैल असते, टीपीसुद्धा मोनोपाइलपेक्षा सैल असतो, सगळीकडून काही सेंटीमीटरची फट. ती मुद्दाम ठेवलेली असते, कारण मोनोपाइल थोडा तिरका असला तरी टीपी फटीत इकडे तिकडे करून बरोबर ओळंब्यात आणता येतो. ओळंब्यात आला की तो तात्पुरत्या ब्रॅकेटवर टेकवायचा (टीपीच्या आतून निघालेली ही ब्रॅकेट मोनोपाइलच्या वरच्या कडेवर बसतात) आणि फटीत पंपाने ग्राउट भरायचं.

ग्राउट हा शब्द फरशीवाल्यांकडून ऐकला असेल, दोन टाइल्समधल्या रेघेत भरतात ते. इथलं ग्राउट त्याचंच भरभक्कम भावंड, साध्या काँक्रीटपेक्षा कितीतरी जास्त दाब सोसणारं. ते घट्ट झालं की दोन पाइप आणि मधलं ग्राउट असा तीन थरांचा जोड तयार. याची उंची साधारण व्यासाच्या दीडपट, म्हणजे 4 मीटरच्या पाइपला 6 मीटरचा जोड.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर आहे. त्या काळच्या बहुतेक जोडांत पाइप गुळगुळीत आणि सरळ सिलिंडर होते. बोल्ट नाही, वेल्ड नाही, खाच नाही. वरच्या काहीशे टनांच्या डोलाऱ्याला खाली घसरू न देणारी एकच गोष्ट होती: ग्राउट आणि पोलाद यांची एकमेकांवरची पकड. आणि ब्रॅकेट तर ग्राउट सुकेपर्यंतच टेकू द्यायला होती, त्यानंतर त्यांच्यावर वजन येईल असा हिशोबच नव्हता.

## मग तेलवाल्यांचं कसं चालत होतं?

ही शंका रास्त आहे. समुद्रात तेल काढणाऱ्या प्लॅटफॉर्मवाल्यांनी ग्राउटचे जोड कित्येक वर्षं वापरले होते, ते काही असे सरकत नव्हते. पवनचक्कीवाल्यांनी तीच विद्या उचलली. चूक उचलण्यात नव्हती, चूक ही की सामान वेगळं होतं हे पुरतं लक्षात आलं नाही.

तेलाच्या प्लॅटफॉर्मला तीन-चार किंवा जास्त पाय असतात. लाट आली की एका पायावर भार वाढतो, दुसऱ्यावर कमी होतो, म्हणजे प्रत्येक पायातला जोड मुख्यतः वर-खाली असाच ताण झेलतो. पाइपही बारीक. पवनचक्कीचा पाय एकच. आणि तिच्या डोक्यावर वारा ढकलतोय. समजण्यापुरता आकडा घेऊ: वारा चक्कीला 100 टनांच्या जोराने आडवा ढकलतोय आणि ती जोडापासून 100 मीटर वर आहे, तर पायथ्याशी 10,000 टन-मीटरची पिरगळ, म्हणजे वाकवणारा जोर, येतो. आडवी काठी एका टोकाला धरून दुसऱ्या टोकाला वजन टांगलं की मनगटाचं जे होतं तेच. इथे मनगट म्हणजे आपला जोड.

आणि हे एकदा होत नाही. दर 8 सेकंदांनी एक लाट धरली तर 25 वर्षांत जवळजवळ 10 कोटी लाटा होतात, वाऱ्याचे झोत आणि पात्यांचं फिरणं वेगळंच. तेलवाल्यांच्या जोडाला वजन पेलायचं होतं, इथे हेलकावे पेलायचे होते आणि त्यातही वजन सोडायचं नव्हतं.

## खुंटी उपटताना आपण काय करतो

जमिनीत घट्ट रोवलेली खुंटी काढायची असेल तर कुणी सरळ वर ओढत बसत नाही. आधी ती पुढे-मागे डुलवतो. डुलवली की भोवतीची माती एका बाजूला दबते, दुसऱ्या बाजूला फट पडते, मग उलट, असं चार-सहा वेळा केलं की खुंटी दोन बोटांनी निघते. ओढायची ताकद आपण वाढवलेली नसते, फक्त पकड घालवलेली असते.

समुद्रात नेमकं हेच झालं. चक्की एका बाजूला कलली की जोडाच्या वरच्या आणि खालच्या टोकाशी ग्राउट पोलादापासून केसभर सुटायचं, परत आली की दाबलं जायचं. शिवाय एवढा मोठा पण व्यासाच्या मानाने पातळ पाइप वाकताना पुरता गोल राहत नाही, किंचित अंडाकृती होतो, हाताने दाबलेल्या प्लास्टिकच्या बाटलीसारखा. त्यामुळे ग्राउट आणि पोलाद एकमेकांवर घासत राहतात. कोट्यवधी वेळा. त्या फटीत समुद्राचं पाणी शिरलं की ग्राउटची पूड होते आणि पाणी ती पूड घेऊन बाहेर पडतं. पकड संपली, टीपी खाली बसायला लागला, आणि बसता बसता कुठे टेकला? त्या तात्पुरत्या ब्रॅकेटवर. ज्यांनी आठवडाभर टेकू द्यायचा होता त्यांच्यावर अख्खा टॉवर आला आणि तोही हलता. ब्रॅकेट आणि त्यांच्या वेल्डवर भेगा पडायची भीती तिथून सुरू झाली.

हे सगळ्यात आधी ठळकपणे उघड झालं ते 2009 मध्ये, नेदरलँड्सच्या किनाऱ्यासमोरच्या एगमंड आन झे या प्रकल्पात. मग बाकीच्यांनी आपापल्या चक्क्यांच्या पायात उतरून बघितलं, तर तिथेही तेच.

## एका ग्रीक अक्षराने केलेला घात

आता यातला मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारा भाग. एगमंड आन झे आणि पुढे ज्याचं नाव येणार आहे तो रॉबिन रिग, असे हे जोड ज्या नियमावलीप्रमाणे डिझाइन झाले ती होती डीएनव्ही या नॉर्वेच्या संस्थेची, जे101 नावाची, 2004 साली आलेली. डीएनव्ही म्हणजे जहाजं आणि समुद्री बांधकामं तपासून सर्टिफिकेट देणारी जुनी, मातब्बर संस्था. त्यांच्या नियमावलीत ग्राउटची पकड काढायचं एक सूत्र होतं आणि त्या सूत्रात डेल्टा नावाची एक किंमत होती.

डेल्टा म्हणजे काय, तर पोलादाच्या पृष्ठभागावरच्या उंचवट्यांची उंची. पत्रा कितीही गुळगुळीत दिसला तरी त्यावर बारीक चढउतार असतात आणि ग्राउट त्यांच्यातच अडकून पकड धरतं. नियमावलीत म्हटलं होतं की पाइपच्या त्रिज्येला 0.00037 ने गुणा, तो डेल्टा. 2 मीटर त्रिज्येच्या पाइपला गुणून बघा: 0.74 मिलिमीटर. रोलिंग मिलमधून आलेल्या पत्र्यावर पाऊण मिलिमीटरचे उंचवटे! नखाने चाचपले तरी जाणवतील एवढे. नंतर लक्षात आलं की ही किंमत साधारण 10 पट चुकलेली आहे. त्यामुळे जोडाची वजन पेलायची ताकद कागदावर भरमसाट फुगलेली दिसत होती.

सूत्राचं उत्तर बरोबर वाटत होतं, कंप्युटरने तक्रार केली नाही, डिझाइन करणाऱ्यांनी वापरलं, तपासणाऱ्यांनी त्याच नियमावलीशी ताडून पाहिलं आणि सर्टिफिकेट दिलं. म्हणजे फूटपट्टीच चुकीची छापलेली, आणि मापणारा आणि तपासणारा दोघांच्या हातात तीच.

## पण सेफ्टी फॅक्टर असतो ना?

असतो. कुठलाही इंजिनियर हातचं राखूनच डिझाइन करतो, भार थोडा वाढवून धरतो, ताकद थोडी कमी धरतो. पण हे राखलेलं असतं ते रोजच्या बारीकसारीक चुकांसाठी: ग्राउट जरा पातळ झालं, पत्रा जरा कमी जाड आला, वादळ अंदाजापेक्षा मोठं निघालं. मूळ आकडाच 10 पट गंडलेला असेल तर दीडपट-दुप्पट राखलेलं कुठल्या कुठे वाहून जातं.

दुसरं असं की नुसता आकडा सुधारला असता तरी प्रश्न पूर्ण सुटला नसता. 2009 ते 2011 या काळात डीएनव्हीने उद्योगातल्या कंपन्यांना सोबत घेऊन याचा अभ्यास केला, त्यातून दिसलं की व्यास मोठा होत जातो तशी सरळ, गुळगुळीत जोडाची पकड कमी होत जाते आणि हेलकाव्यांनी ती आणखी घटते. लहान नमुन्यांवर केलेल्या प्रयोगांचा निष्कर्ष मोठ्या पाइपला जसाच्या तसा लावता येत नाही.

## एक तरी चक्की पडली का?

नाही. हे मुद्दाम सांगतो कारण अशा लेखांवर "बघा म्हणजे या चक्क्या धोकादायकच" असं हमखास येतं. टीपी एवढा लांब चढवलेला असतो की तो खाली सरकला तरी चक्की उलथून पडण्याचा प्रश्न लगेच येत नाही. आडवी पिरगळ झेलायचं काम तो जोड करतच होता, बाहीतून हात सरळ बाहेर पडत नाही तसं. बिघडलं होतं ते वजन धरायचं काम. धोका होता तो लांबणीवरचा: ब्रॅकेट तुटणं, टीपी वेडावाकडा टेकणं, टॉवर तिरका होणं.

दुरुस्तीचा एक उपाय ऐकायला अगदी साधा आहे. टीपीच्या आत नवीन आधार बसवायचे आणि ते व मोनोपाइलची वरची कड यांच्यामध्ये रबरासारखे लवचिक बेअरिंग घालायचे. म्हणजे वजन आता ग्राउटवर नाही तर या रबरी गाद्यांमधून थेट मोनोपाइलवर. ऐकायला सोपं, पण जागा कुठली, तर पाइपच्या पोटात, बोटीने जायचं, समुद्र शांत असेल त्याच दिवशी, अंधाऱ्या अरुंद जागेत उतरून वेल्डिंग करायचं, आणि असं प्रत्येक चक्कीत पुन्हा पुन्हा.

## बिल कोणी भरलं

इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या मध्ये सॉलवे फर्थ नावाची खाडी आहे, तिथे रॉबिन रिग हा 60 चक्क्यांचा प्रकल्प. पायाचं डिझाइन आणि काम एमटी होइगार्ड या डॅनिश कंपनीचं, मालक तेव्हा ई.ऑन ही वीज कंपनी. काम 2009 मध्ये संपलं आणि 2010 मध्ये टीपी सरकायला लागले. दुरुस्तीचा खर्च 2 कोटी 62 लाख 50 हजार युरो. आता भांडण असं: कंत्राटदार म्हणाला, तुम्हीच सांगितलं जे101 पाळा, मी अक्षर न् अक्षर पाळलं, सर्टिफिकेटही घेतलं, चूक त्या नियमावलीत होती, मी काय करू? मालक म्हणाला, कंत्राटाच्या तांत्रिक अटींमध्ये हेही लिहिलंय की पाया 20 वर्षं टिकेल असं डिझाइन असलं पाहिजे.

2014 मध्ये कोर्टाने मालकाच्या बाजूने निकाल दिला, 2015 मध्ये वरच्या कोर्टाने तो फिरवला, आणि 3 ऑगस्ट 2017 ला ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाने पुन्हा मालकाच्या बाजूने दिला. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की दोन अटी असतील तर कडक अट लागू, नियमावली म्हणजे कमीत कमी एवढं तरी करा असं असतं, ती पाळली की जबाबदारी संपली असं नाही. मला व्यक्तिशः कंत्राटदाराची थोडी दयाही येते. जगातल्या सगळ्यांनी वापरलेलं सूत्र त्यानेही वापरलं. पण 20 वर्षं टिकेल यावर सही करताना आपण कशावर सही करतोय हे कुणी थांबून वाचलं होतं का, हा प्रश्न उरतोच.

## मग आता कसे जोडतात

पहिला उपाय, आहे तेच ग्राउट पण पाइप गुळगुळीत ठेवायचे नाहीत. मोनोपाइलच्या बाहेरून आणि टीपीच्या आतून वेल्डिंगचे गोल गोल वळ काढायचे, बरणीच्या तोंडावर आटे असतात तसे दिसतात पण फिरत जाणारे नाहीत, एकाखाली एक बंद कडी. यांना शिअर की म्हणतात. ग्राउट या वळांमध्ये अडकतं, मग ते घसरायला नुसती पकड सुटून चालत नाही, ग्राउट चिरडावं लागतं.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो. जोडाचा भाग सरळ सिलिंडर न ठेवता एक ते तीन अंशांनी निमुळता करायचा, वरती बारीक, खाली रुंद. कुदळीचा दांडा आठवा. दांड्याचं एक टोक जाड असतं आणि कुदळीचं भोक त्या जाड टोकाशी अडतं, त्यामुळे जितक्या जोरात घाव घालाल तितकी कुदळ घट्ट बसते. हातोडीचं तसं नसतं, म्हणून हातोडी ढिली होते आणि मग आपण वरून पाचर मारतो. निमुळत्या जोडात टीपी जरासा सरकला तरी सरकता सरकता तोच आवळला जातो. म्हणजे सरकण्याला विरोध करायचा नाही, सरकण्याचाच उपयोग करून घ्यायचा.

तिसरा उपाय म्हणजे ग्राउट नकोच, सरळ बोल्ट. मोनोपाइलच्या डोक्याला आणि टीपीच्या तळाला जाड गोल कडा, त्यांना फ्लँज म्हणतात, आणि त्यात शंभराच्या वर बोल्ट. आज बऱ्याच नव्या चक्क्या अशाच उभ्या राहतात. आता बोल्ट म्हणजे काय ते घरात सगळ्यांनी आवळलेले असतात, पण इथला बोल्ट वेगळंच प्रकरण आहे.

## बोल्टची खरी गंमत

एम 72 हा इथला नेहमीचा बोल्ट, 72 मिलिमीटर व्यासाचा, आपल्या मनगटापेक्षा जाड. तो पान्याने पिळून आवळायचा म्हटलं तर बहुतेक ताकद घर्षणातच जाते आणि नेमका किती आवळला ते कळत नाही. म्हणून एक हायड्रॉलिक यंत्र बोल्टचं टोक पकडून त्याला अक्षरशः वर ओढतं, बोल्ट ताणला जातो, त्या अवस्थेत नट फिरवून खाली टेकवतात, मग यंत्र सोडतं. बोल्ट आखडायला बघतो पण नट त्याला आखडू देत नाही. या अडकवून ठेवलेल्या ताणाला प्रीलोड म्हणतात. एका एम 72 बोल्टमध्ये तो 240 टनांच्या आसपास असू शकतो. असे 100 बोल्ट धरा, दोन फ्लँज एकमेकांवर 24,000 टनांनी दाबलेल्या.

याचा फायदा काय? समजा पुस्तकांची चळत दोन्ही हातांनी जोरात दाबून आडवी उचलली. मधल्या पुस्तकांना कशानेच धरलेलं नसतं तरी ती पडत नाहीत, दाब आहे तोवर. चक्की हेलकावे खाते तेव्हा फ्लँजमधला दाब एका बाजूला थोडा कमी होतो, दुसऱ्या बाजूला वाढतो, पण फट पडत नाही, आणि फट पडत नाही तोवर बोल्टला त्या हेलकाव्याचा थोडासाच वाटा जाणवतो. 10 कोटी लाटा येऊन जातात, बोल्ट मात्र जवळजवळ एकाच ताणात शांत बसलेला.

पण हा सगळा डोलारा किती बारीक गोष्टीवर उभा आहे बघा. 300 मिलिमीटर जाडीचा जोड धरला तर एवढ्या ताणाने बोल्ट लांबतो किती, तर साधारण 1 मिलिमीटर. फक्त एक. म्हणजे नंतर फ्लँजचा रंग चेपला, आटे जरा बसले, कडा पूर्ण सपाट नव्हती ती दबली, असं करत एक दशांश मिलिमीटर जरी गेला तरी दहावा हिस्सा ताण गेला. दोन दशांश गेला तर पाचवा हिस्सा. आणि ताण ठराविक मर्यादेच्या खाली गेला की फट उघडते-मिटते, मग प्रत्येक लाट बोल्टला जाणवायला लागते. म्हणून फ्लँज किती सपाट हवी यावर एवढा काथ्याकूट चालतो, म्हणून काही काळाने परत जाऊन ताण तपासतात, आणि म्हणूनच ज्या फ्लँजवर हातोडा बसणार असतो ती इतकी सांभाळून बनवतात.

## बोल्ट नको, ग्राउट नको, असं काही?

आहे. एकात एक ठेवलेले दोन पेले कधीतरी असे अडकतात की सुटता सुटत नाहीत. कोणी चिकटवलेलं नसतं, फक्त दोन निमुळत्या भिंती एकमेकांत रुतलेल्या असतात. याच तत्त्वावर स्लिप जॉइंट नावाचा जोड आहे: मोनोपाइलचं डोकं निमुळतं, टीपीचं पोट तितकंच निमुळतं, क्रेनने वरून ठेवायचा, स्वतःच्या वजनाने तो बसतो. नेदरलँड्सच्या बोर्सेले इथे समुद्रात खऱ्याखुऱ्या मोठ्या चक्कीखाली तो वापरून झालाय. ग्राउट सुकायची वाट नाही, बोल्ट तपासायची कटकट नाही. पण दोन प्रचंड शंकू एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत, एक कुठे जरा चपटा निघाला तर सगळा भार दोन-चार ठिकाणीच येणार.

तसाच एक पाचरींचा जोड आला आहे. बोल्ट उभे असतात त्याऐवजी सगळ्या परिघावर आडव्या पाचरी, त्या आत सरकवल्या की वरचा पाइप खाली ओढला जातो. हातोडी ढिली झाली की पाचर मारा, हीच अक्कल, फक्त पाइपभोवती गोल.

## सरळ वेल्डच का नाही मारत?

हा प्रश्न मला प्रत्येक वेळी विचारला जातो. उत्तर: कारखान्यात सगळं वेल्डच असतं. मोनोपाइल म्हणजे एकावर एक वेल्ड केलेल्या पत्र्याच्या कड्या. पण समुद्रात, हलत्या बोटीवरून, खारट ओल्या हवेत, दहा सेंटीमीटर जाडीचा वेल्ड मारायचा, तो थरावर थर चढवत, मध्ये गार होऊ न देता, आणि नंतर आतली भेग शोधायला तपासायचाही, हे जमत नाही असं नाही पण परवडत नाही आणि भरवसा राहत नाही.

आणि वेल्डला लाटांचं वावडं आहे. धातूला थकवा येतो, तार पुढे-मागे वाकवून तोडतो तसं. एकेका वाकवण्याने काही होत नाही, संख्येने तुटते. त्यातही जिथे खाच असते तिथून आधी तुटते, म्हणून तर शाम्पूच्या पुडीच्या कडेला बारीक कापा दिलेला असतो. वेल्डची कड ही अशीच नकळत दिलेली खाच असते.

याचं सगळ्यात भयानक उदाहरण पवनचक्कीचं नाही, तेलाचं आहे. 27 मार्च 1980 ला नॉर्वेच्या समुद्रात अलेक्झांडर किएलँड नावाचा तरंगता प्लॅटफॉर्म उलटला. 212 माणसं होती, 123 गेली. सुरुवात कुठून झाली, तर एका तिरक्या पाइपला पाण्यातला आवाज ऐकायचं एक यंत्र अडकवायला छोटा आधार वेल्ड केला होता, 6 मिलिमीटरचा वेल्ड. तो आधार कुठलाही भार पेलत नव्हता. पण त्या वेल्डच्या कडेला भेग जन्मली, वाढत पाइपभर फिरली, तो पाइप तुटला, त्याच्यामागे बाकीचे, आणि मग अख्खा पाय. तेव्हापासून समुद्रातल्या बांधकामात कुणी म्हणालं की "हे काय, नुसती क्लिप लावायचीये", तरी ड्रॉइंग मागतात.

पाणी खोल असेल तिथे मोनोपाइलऐवजी जॅकेट वापरतात, विजेच्या हाय टेन्शन टॉवरसारखा तिरक्या पाइपांचा सांगाडा. त्यात तर प्रत्येक कोपरा म्हणजे तीन-चार पाइपांचा वेल्ड केलेला जोड, एका चक्कीखाली असे डझनावारी. पोलाद कमी लागतं पण जोड वाढतात, आणि जॅकेट महाग पडण्यामागे हे एक मोठं कारण आहे.

## मग एकच लांब पाइप करून जोडच काढून टाका की

तेही करतात. टीपी वगळून मोनोपाइलच वरपर्यंत न्यायचा, त्याच्या डोक्याच्या फ्लँजवर थेट टॉवर. एक जोड वाचला. पण मग शिडी, बोटीची जागा वगैरे ठोकून झाल्यावर बाहेरून अडकवावी लागते, पाइप वाकडा गेला तर सरळ करायला मधली फट नाही, आणि हजारो टनांचा आणखी लांब तुकडा उचलायला तेवढी मोठी क्रेन आणि जहाज लागतं. शिवाय टॉवरशी एक जोड राहतोच. आज 15 मेगावॅटच्या चक्क्या आल्यात, 236 मीटर व्यासाचा घेरा, त्यांच्या पायथ्याची पिरगळ बघितली की कुठला जोड वाचवायचा आणि कुठला जपायचा याचा हिशोब प्रत्येक प्रकल्पात नव्याने मांडावा लागतो.

## आणि म्हातारपणी?

ज्या सरकलेल्या चक्क्यांपासून ही गोष्ट सुरू झाली त्या आता आपल्या ठरलेल्या आयुष्याच्या शेवटाकडे आल्यात. तिथे दोन प्रश्न असतात, आणखी काही वर्षं चालवायच्या का, आणि नाही तर काढायच्या कशा. पहिल्याचं उत्तर पात्यांपेक्षा पायात आणि जोडात जास्त शोधावं लागतं, कारण पातं बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो, पण पाइपच्या पोटातलं ग्राउट बदलायचं म्हणजे वरची सगळी चक्की उतरवायची.

काढायची वेळ आली की बोल्टचा जोड निदान सोडवता तरी येतो, गंजलेला नट भांडला तर कापतात. ग्राउटचा मात्र कोणी सोडवत बसत नाही. टॉवर वरून उतरवतात आणि मोनोपाइल समुद्रतळाच्या थोडा खाली आतून कापतात, मग टीपी, मोनोपाइलचा वरचा भाग आणि मधलं ग्राउट असं सगळं एकत्रच क्रेनला लटकून वर येतं. ज्या पकडीवरून कोर्टकचेऱ्या झाल्या तो जोड भंगारात जातानाही बहुधा एकमेकांना धरूनच जातो.